बलात्कारानंतरच्या उपचारांचं 'किट ३': पेटीत काय आहे, काय नाही आणि गाडं कुठे अडतं

युद्ध, पूर, भूकंप, विस्थापितांच्या छावण्या अशा ठिकाणी प्रजनन आरोग्याची सेवा उभी करण्यासाठी यूएनएफपीए, म्हणजे संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी, तयार पेट्यांचा एक संच पुरवतो. त्यातली तिसरी पेटी बलात्कारानंतरच्या उपचारांची. एक पेटी १०,००० लोकवस्तीला ३ महिने पुरेल असा हिशेब त्यामागे आहे. ती संस्था आणि सरकारं मागवतात. एकट्यादुकट्याला मिळत नाही. तरीही दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही हे परीक्षण कामाला येईल, कारण आतली औषधं ओळखीचीच आहेत आणि तशी पेटी आपल्या कपाटात भरून ठेवता येते.

आमचं मत आधीच सांगतो. पेटीची रचना उत्तम आहे. प्रयोगशाळा नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, अशा जागीही एका प्रशिक्षित परिचारिकेला पहिल्याच भेटीत नको असलेली गर्भधारणा, एचआयव्ही आणि लैंगिक संसर्ग या तिन्हींना आळा घालता यावा, हा त्यामागचा विचार. ही पेटी जिथे निकामी ठरते तिथे औषध क्वचितच कमी पडलेलं असतं. औषध आणि ती व्यक्ती यांच्यामध्ये कुणीतरी अट आणून ठेवलेली असते: आधी पोलिसांचा कागद आणा, आधी तपासणी करू द्या, आधी नवऱ्याला बोलवा. यातली एकही अट पेटीतली गोळी देण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची नाही.

पहिली गोळी गर्भधारणा टाळण्याची, लेव्होनॉर्जेस्ट्रेलची, १.५ मिलिग्रॅम, एकदाच. ७२ तासांच्या आत द्यावी असं पाकिटावर असतं, पण १२० तासांपर्यंत देता येते. उशीर होईल तसा तिचा परिणाम घटत जातो. ती अंडं बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही, त्यामुळे 'आधी गर्भ तपासा, मग गोळी' हा क्रम चुकीचा आहे. पेटीत गर्भतपासणीच्या पट्ट्या असतात, त्यांचा उपयोग गर्भ आधीपासून आहे का हे कळण्यापुरता. इथे एक चूक वारंवार होते. अत्याचारानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टी 'नाही' म्हणाली की त्या बाईला 'तुम्ही गरोदर नाही' असं सांगून घरी पाठवतात. त्या घटनेतून गर्भ राहिला असेल तर पट्टीवर तो इतक्या लवकर दिसूच शकत नाही. खात्रीचं उत्तर साधारण ३ आठवड्यांनी मिळतं. म्हणून गोळीसोबत एक पट्टी हातात द्यावी, पाळी आठवडाभराहून जास्त लांबली तर तपासा असं सांगावं आणि पट्टी कशी वापरायची हे करून दाखवावं.

गोळी घेतल्यापासून २ तासांत उलटी झाली तर पुन्हा द्यायची. ती व्यक्ती क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा एचआयव्हीसाठी एफाव्हिरेंझ घेत असेल तर ही औषधं लेव्होनॉर्जेस्ट्रेलची रक्तातली पातळी खाली आणतात. तेव्हा दुप्पट, म्हणजे ३ मिलिग्रॅम द्यावी. वजन जास्त असेल तर परिणाम कमी होऊ शकतो, पण तेवढ्या कारणाने गोळी नाकारू नये. अशा वेळी, आणि ७२ तास उलटून गेल्यावरही, युलिप्रिस्टल ही दुसरी आपत्कालीन गोळी, ३० मिलिग्रॅम, किंवा तांबी जास्त भरवशाची. तांबी ५ दिवसांच्या आत बसवली तर आपत्कालीन गर्भनिरोधनाच्या सगळ्या उपायांमध्ये तीच सर्वांत प्रभावी ठरते. संसर्गाची धास्ती असेल तर त्याच वेळी प्रतिजैविकं देऊन ती बसवता येते. पण बसवताना आतून तपासणी करावी लागते आणि अत्याचाराला चारच दिवस झालेल्या बाईला ती सोसेलच असं नाही. पर्याय समोर ठेवावा, निर्णय तिचा. तांबी या पेटीत नाही. संचातल्या किट ७अ मध्ये आहे.

मुलीला पाळी आलेली नाही म्हणून गोळी टाळतात, तेही बरोबर नाही. पहिल्या पाळीच्या आधीही अंडं बाहेर पडू शकतं, तेव्हा छातीची वाढ सुरू झाली असेल तर गोळी द्यावी. आणि जन्माने स्त्रीशरीर असलेला एखादा ट्रान्स पुरुष टेस्टोस्टेरॉन हे पुरुष संप्रेरक घेत असेल तर त्याने गर्भधारणा टळते असं गृहीत धरू नये. कोणते अवयव आहेत हे नीट, आदराने विचारून ठरवावं.

आता पेटीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त बिघडणारा भाग: एचआयव्हीचा संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या, ज्यांना सगळे 'पेप' म्हणतात. इथे ७२ तासांची मर्यादा पक्की आहे. तासागणिक फरक पडतो, म्हणून ती व्यक्ती दारात आल्यावर पहिला प्रश्न 'काय घडलं' हा नको, 'केव्हा घडलं' हा हवा. दुसऱ्या दिवशी बोलावणं म्हणजे औषध वाया घालवणं. एचआयव्हीची तपासणी उपलब्ध असेल आणि तिची तयारी असेल तर जरूर करावी. तपासणी होणार नसेल तरी पहिली मात्रा अडवू नये. संसर्ग आधीपासून असल्याचं निघालं तर पेप न देता तिला नियमित उपचारांशी जोडून द्यायचं. अत्याचार करणाऱ्याला एचआयव्ही आहे की नाही हे बहुतेक वेळा कळत नाहीच, तेव्हा ते कळण्याची वाट पाहू नये.

प्रौढांसाठी सध्याचा पसंतीचा मेळ टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. तिन्ही एकाच गोळीत मिळतात: दिवसातून एकदा, २८ दिवस, जेवणाआधी किंवा नंतर कसंही. जुन्या साठ्यात वेगळे मेळ सापडतात, म्हणून पेटी उघडल्यावर आतली यादी वाचल्याशिवाय मात्रा सांगू नये. बाटलीत बऱ्याचदा ३० गोळ्या असतात आणि घ्यायच्या २८. हे न सांगितल्यास दोन उरलेल्या पाहून ती व्यक्ती चुकल्याच्या काळजीत पडते.

पूर्वी ३ किंवा ७ दिवसांच्या गोळ्या देऊन उरलेल्या न्यायला परत बोलावण्याची पद्धत होती. अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे. ती थांबवायला हवी. जागतिक आरोग्य संघटना पूर्ण २८ दिवसांचा साठा पहिल्याच भेटीत द्यायला सांगते, आणि त्याचं कारण सरळ आहे: परत यायला भाडं लागतं, घरी सबब सांगावी लागते, ज्याने अत्याचार केला त्याच्या डोळ्यांसमोरून जावं लागतं. लोक परत येत नाहीत, कोर्स अर्धा राहतो आणि कागदावर नोंद होते की 'रुग्णाने उपचार सोडले'. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शनात तर पेप वस्तीपातळीवर आणि प्रशिक्षित, डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्यांमार्फतही द्यावी असं म्हटलं आहे. ज्या दवाखान्यात पेपचं कुलूप फक्त डॉक्टरच्या सहीने उघडतं आणि डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, तिथे ही पेटी असून नसल्यासारखी.

डोल्युटेग्रॅव्हिर सहसा चांगलं सोसतं. मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं या तक्रारी येऊ शकतात. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्यायला सांगावी. या काळात झोप आधीच मोडलेली असते, हा सल्ला छोटा वाटला तरी त्यावर कोर्स तरतो. आम्लपित्तावरची मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमची औषधं घेत असेल तर पेपची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू, किंवा जेवणासोबत सगळं एकत्र घेतलं तर चालतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याची मात्रा दिवसाला १ ग्रॅमपुरती ठेवावी. रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही हा कोर्स देता येतो. मूत्रपिंडाचा आजार माहीत असेल तर टेनोफोव्हिरऐवजी दुसरा मेळ शोधावा, पण मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी कोर्स रोखून धरू नये. आणि एक गोष्ट सहज निसटते: यातली दोन औषधं कावीळ 'बी'च्या विषाणूवरही काम करतात. तो विषाणू अंगात आधीच असेल तर २८ दिवसांनी कोर्स थांबल्यावर यकृताला सूज येऊ शकते. तपासणी शक्य असेल तर करावी, आणि संसर्ग निघाला तर कोर्सनंतरही लक्ष ठेवावं.

७२ तासांनंतर आलेल्या व्यक्तीला पेप देऊन उपयोग नाही हे तिला स्पष्ट सांगावं. पण 'उशीर झाला' एवढंच ऐकून ती परत जाऊ नये. गर्भनिरोधनासाठी अजून वेळ असू शकतो, संसर्गावरचे उपचार केव्हाही देता येतात, लस देता येते, जखम बघता येते.

लैंगिक संसर्गासाठी पेटीत तोंडाने घ्यायची औषधं आहेत: ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच. गोळी २५० ची असेल तर चार, २०० ची असेल तर दोन, असा हिशेब पेटीच्या झाकणाच्या आतच चिकटवून ठेवावा. इंजेक्शन नको, शीतसाखळी (सतत थंड साठवण) नको, तपासणीचा निकाल नको, म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे. पण पेटीचा हा भाग आता थोडा मागे पडला आहे. परम्याच्या (गनोरियाच्या) जंतूंमध्ये औषधांना दाद न देण्याचं प्रमाण वाढत गेलं आणि नवं मार्गदर्शन सेफ्ट्रियाक्सोनच्या इंजेक्शनला पुढे ठेवतं. घशातल्या परम्यावर तर सेफिक्झिम कमीच पडतं. गुदद्वारातल्या क्लॅमिडियावर ॲझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेपेक्षा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस जास्त खात्रीचं. मात्र ते गरोदरपणात चालत नाही. ट्रायकोमोनासवरचं मेट्रोनिडॅझोल आणि सिफिलीसवरचं बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, स्नायूत, ही दोन्ही संचातल्या किट ५ मध्ये मिळतात. दोन पेट्या शेजारी असतील तरच उपचार पुरा होतो, म्हणून मागणीपत्रावर ३ सोबत ५ लिहावा असं आम्ही सुचवू.

सगळ्या गोळ्या एकदम समोर ठेवल्या की उलटी होते आणि काय पोटात राहिलं काय गेलं ते कळत नाही. गर्भनिरोधक गोळी आणि पेपची पहिली मात्रा तिथेच, समोर, काहीतरी खायला देऊन द्यावी. प्रतिजैविकं पुढच्या जेवणासोबत दिली तरी बिघडत नाही. मेट्रोनिडॅझोल तर मुद्दाम वेगळं ठेवावं. उलटी थांबवणारं औषध हाताशी असू द्यावं.

मुलांचा भाग हा पेटीचा सर्वांत नाजूक कोपरा. पातळ औषधं भुकटीच्या रूपात येतात, स्वच्छ पाणी खुणेपर्यंत घालून हलवायची, आणि एकदा कालवली की थोड्याच दिवसांत टाकून द्यावी लागतात. मात्रा वजनावर: ॲझिथ्रोमायसिन किलोमागे २० मिलिग्रॅम, सेफिक्झिम किलोमागे ८ मिलिग्रॅम, प्रौढांच्या मात्रेहून जास्त कधीच नाही. वजनकाटा पेटीत नसतो. तो नसला की वयावरून अंदाजाने औषध दिलं जातं आणि कुपोषित मुलाच्या बाबतीत तो अंदाज हमखास चुकतो. पेपच्या मुलांच्या गोळ्याही वजनगटानुसार वेगळ्या, त्यासाठी तक्ता भिंतीवर हवाच. वयात न आलेल्या मुलीची योनिदर्शक घालून तपासणी करू नये. तशी गरज भासण्याइतकी इजा असेल तर भूल देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावं.

पेटीत लस नाही, कारण लसीला थंडावा लागतो आणि ही पेटी गोदामातल्या तापमानावर राहावी अशीच रचली आहे. म्हणून कावीळ 'बी' आणि धनुर्वाताची लस लसीकरण विभागाकडून आधीच ठरवून ठेवावी लागते. कावीळ 'बी'ची पहिली मात्रा शक्य तितक्या लवकर, १४ दिवसांच्या आत. पुढच्या साधारण १ आणि ६ महिन्यांनी. मळलेली जखम असेल तर धनुर्वाताची लस. गर्भपाताची औषधंही या पेटीत नाहीत. गोळी घेऊनही गर्भ राहू शकतो, आणि कित्येकजणी पहिल्यांदा दवाखान्यात येतात त्याच पाळी चुकल्यावर. जिथे कायदा परवानगी देतो तिथे १२ आठवड्यांच्या आत मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम आणि १ ते २ दिवसांनी मिसोप्रोस्टोल ८०० मायक्रोग्रॅम हा मार्ग आहे. कुठे पाठवायचं, तिथे काय कागद मागतात, कोण सोबत जाईल, हे पेटी पोचण्याआधी लिहून तयार हवं. गरोदर बाई समोर बसलेली असताना फोन लावत बसणं ही सेवा नव्हे.

तपासणीबद्दल थोडं. औषध देण्यासाठी आतून तपासणीची गरज नाही. तपासणी करायची ती इजेसाठी, आणि तिची इच्छा असेल तर पुराव्यासाठी. प्रत्येक टप्प्यावर विचारून, थांब म्हटलं की थांबून. दोन बोटांच्या तथाकथित कौमार्य चाचणीला कसलाही शास्त्रीय आधार नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांसह ती बंद करण्याचं आवाहन केलं आहे. ती कुणी करत असेल तर ती पुन्हा एकदा झालेली इजाच आहे. पुरावा गोळा करायचा तर तो साठवण्याची आणि तपासण्याची व्यवस्था असेल तरच. नाहीतर नमुने घेऊन कपाटात कुजवण्यात अर्थ नाही. कायद्याने कळवणं सक्तीचं असेल तर ते तिने बोलायला सुरुवात करण्याआधी सांगावं, नंतर नव्हे.

एक प्रश्न मात्र कधीही वगळू नये: गळा दाबला होता का? बाहेर वळ दिसत नसला तरी आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, श्वास अडकणं, चक्कर येणं ही लक्षणं काही तासांनीही उमटू शकतात आणि जिवावर बेतू शकतात. अशी व्यक्ती गोळ्या घेऊन घरी जाता कामा नये. अंगावरून जास्त रक्त जाणं, पोटात तीव्र दुखणं यांनाही गोळ्यांच्या आधी स्थान.

पुरुष आणि मुलगे यांच्यासाठी ही पेटी तशीच वापरायची, फक्त गर्भनिरोधक गोळी वगळून. दाराबाहेरच्या फलकावर 'महिला कक्ष' लिहिलेलं असेल तर ते आत येणारच नाहीत. अपंग व्यक्तीशी बोलताना सोबत आलेल्याशी नव्हे, तिच्याशी बोलावं. सोबतचाच अत्याचारी असण्याची शक्यता लक्षात ठेवून दुभाषा वेगळा आणावा.

मनाच्या उपचारांसाठी पेटीत काही नाही, आणि नसणंच योग्य. झोपेच्या वा चिंतेच्या गोळ्या, म्हणजे बेंझोडायझेपिन, या सुरुवातीच्या काळात सरसकट देऊ नयेत. 'सगळं सविस्तर सांगून मोकळं हो' असं बसवून वदवून घेणंही नको. त्याने फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो. ऐकावं, गरज विचारावी, 'यात तुझा दोष नाही' हे शब्दांत म्हणावं, आज रात्री ती कुठे झोपणार आणि तिथे सुरक्षित आहे का हे ठरवावं. बहुतेकांना पुढच्या १ ते ३ महिन्यांत हळूहळू बरं वाटू लागतं. त्यानंतरही दुःस्वप्नं, दचकणं, कामं न सुचणं तसंच राहिलं तर आघातावरचे खास मानसोपचार लागतात, म्हणून तो पत्ताही यादीत हवा.

पुढच्या भेटी २ आठवडे, १ महिना आणि ३ महिन्यांनी ठेवाव्यात. पहिलीत पेप चालू आहे का आणि जखम भरली का, दुसरीत गर्भतपासणी आणि लसीची दुसरी मात्रा. एचआयव्हीची तपासणी साधारण ६ आठवडे आणि ३ महिन्यांनी, सिफिलीसची त्याच सोबत. ती आली नाही तरी पहिल्या दिवशी दिलेल्या उपचारांनी मोठं काम झालेलं असतं, आणि ही या पेटीची खरी किंमत आहे. घरी निरोप पाठवायचा की नाही, फोन कुणाच्या हातात पडतो, पाकिटावर काय लिहिलेलं चालेल, हे तिला विचारूनच ठरवावं. गोळ्या साध्या, नाव नसलेल्या डबीत घालून द्याव्यात. एचआयव्हीच्या बाटलीवरचं लेबल घरच्यांनी वाचलं की कोर्स तिथेच संपतो.

मागणी करताना आतल्या सगळ्यात आधी मुदत संपणाऱ्या औषधाची तारीख पेटीच्या बाहेर ठळक लिहावी. सगळं एकदम संपत नाही. एकेक औषध संपतं आणि पेटी 'आहे' म्हणून नवी मागवली जात नाही. दर महिन्याला पेपचे पूर्ण कोर्स किती उरले एवढं जरी मोजलं तरी पुरे. प्रौढांचे आणि मुलांचे वेगवेगळे मोजावेत, आणि रात्री पेटीची किल्ली कुणाकडे असते हे कामावर असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे का ते त्याच वेळी विचारून घ्यावं.